अतिक्रियाशील मूत्राशयावरील औषधे आणि 'दुष्परिणाम' या संकल्पनेचा इतिहास

प्रस्तावना

लघवीची अनावर घाई होणे, दिवसातून वारंवार जावे लागणे व रात्री त्यासाठी उठावे लागणे, या लक्षणसमूहास वैद्यकशास्त्रात 'अतिक्रियाशील मूत्राशय' असे संबोधले जाते. ही संज्ञा फारशी जुनी नाही. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अ‍ॅलन वाइन व पॉल अब्राम्स या मूत्ररोगतज्ज्ञांनी ती रूढ केली आणि २००२ मध्ये इंटरनॅशनल कॉन्टिनन्स सोसायटीने तिची व्याख्या निश्चित केली. औषधे मात्र त्याआधीपासून वापरात होती. प्रस्तुत लेखात त्यांच्या इतिहासाकडे एका मर्यादित प्रश्नाच्या अनुषंगाने पाहिले आहे : 'दुष्परिणाम' म्हणून कशाची नोंद झाली आणि कशाची दीर्घकाळ झाली नाही?

धोत्र्याच्या कुळातील वारसा

या औषधांचे मूळ बेलाडोना या विषारी वनस्पतीत सापडते. तिच्यातील अ‍ॅट्रोपिन हे द्रव्य १८३० च्या दशकाच्या प्रारंभी जर्मनीत शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. बेलाडोना आणि आपल्याकडे उकिरड्यावर उगवणारा व महादेवाला वाहिला जाणारा धोत्रा ही एकाच कुळातील झाडे होत; दोहोंतील विषद्रव्येही एकाच गटातील आहेत. धोत्र्याची विषबाधा झालेल्या माणसाचा घसा कोरडा पडतो, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, तो बरळू लागतो आणि त्याची लघवी तुंबते. यातील शेवटचे लक्षण मोजक्या मात्रेत घडवून आणणे, हाच पुढील औषधोपचाराचा पाया ठरला. उरलेली लक्षणे मग ओघानेच 'दुष्परिणाम' ठरली.

यामागील कारण विसाव्या शतकात उलगडले. हेन्री डेल यांनी १९१४ मध्ये अ‍ॅसिटिलकोलीनच्या क्रियांचे वर्गीकरण केले, तर ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावरील प्रयोगातून मज्जातंतूंचा संदेश रासायनिक द्रव्याद्वारे पोहोचतो हे दाखवून दिले. १९३६ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले. मूत्राशयाचा स्नायू ज्या द्रव्यामुळे आकुंचन पावतो, त्याच द्रव्यामुळे लाळ सुटते, आतडे हालते. मेंदूतील स्मरणाचे कार्यही काही अंशी त्यावरच अवलंबून असते. त्याला एका ठिकाणी अडविणारे औषध इतरत्रही अडविणारच.

कोरड्या तोंडाचा प्रश्न

अमेरिकेत १९७५ मध्ये मान्यता मिळालेले ऑक्सिब्युटिनिन हे या गटातील सर्वाधिक परिचित औषध होय. ते गुणकारी असले तरी तोंडाला पडणारी कोरड व बद्धकोष्ठता यांमुळे अनेक रुग्ण ते मध्येच सोडून देत. पुढील संशोधनाचा रोख मुख्यतः याच तक्रारीवर राहिला. प्राण्यांवरील प्रयोगांत लाळग्रंथींपेक्षा मूत्राशयावर अधिक परिणाम करणारे टॉल्टेरोडीन १९९८ मध्ये अमेरिकेत आले. ऑक्सिब्युटिनिनची दिवसातून एकदाच घेण्याची गोळी त्याच वर्षी मान्य झाली आणि त्वचेवर लावावयाची पट्टी २००३ मध्ये आली.

टेरोडिलीनची कथा याहून बोलकी आहे. हृदयशूळावरील औषध म्हणून ते स्वीडनमध्ये १९६० च्या दशकापासून वापरात होते. त्याने लघवी तुंबते असे आढळल्यावर हाच दुष्परिणाम मुख्य गुण मानून १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये ते मूत्राशयासाठी विक्रीस आले. हृदयाच्या ठोक्यांत घातक अनियमितता उद्भवत असल्याचे दिसून आल्याने १९९१ मध्ये ते मागे घ्यावे लागले.

जे नोंदले गेले नाही

या औषधांच्या बहुतेक चाचण्या सुमारे १२ आठवड्यांच्या होत्या. प्रत्यक्षात वृद्ध रुग्ण ती वर्षानुवर्षे घेत. तोंड कोरडे पडल्याचे रुग्ण स्वतः सांगतो. विस्मरणाची तक्रार मात्र विसरणारा माणूस कशी करणार? कुटुंबीय व डॉक्टर ती वयाच्या खात्यावर टाकत. प्रस्तुत लेखकाच्या मते या इतिहासातील सर्वांत मोठी उणीव रसायनशास्त्राची नसून नोंदपद्धतीची आहे.

२०१५ मध्ये अमेरिकेतील सिअ‍ॅटल परिसरातील ६५ व त्याहून अधिक वयाच्या ३,४३४ व्यक्तींचा सरासरी सात वर्षांहून अधिक काळ केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. अ‍ॅसिटिलकोलीनरोधक औषधांचे एकूण सेवन जितके अधिक, तितका स्मृतिभ्रंशाचा धोका अधिक, असे त्यात आढळले. ब्रिटनमधील ५८,७६९ स्मृतिभ्रंशग्रस्त व २,२५,५७४ इतर व्यक्तींच्या नोंदींची तुलना करणाऱ्या २०१९ च्या अभ्यासात मूत्राशयावरील औषधांचा स्वतंत्रपणे विचार झाला आणि त्यांच्याबाबतही असाच संबंध दिसला. हे अभ्यास निरीक्षणात्मक असल्याने त्यांतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

मिराबेग्रॉन या औषधाने वेगळा मार्ग चोखाळला. ते अ‍ॅसिटिलकोलीनला अडवीत नाही, तर बीटा-३ ग्राहींद्वारे मूत्राशयाचा स्नायू सैल करते. जपानमध्ये २०११ व अमेरिकेत २०१२ मध्ये ते मान्य झाले. त्याने तोंड फारसे कोरडे पडत नाही. परंतु रक्तदाब वाढू शकतो, आणि २०१५ मध्ये ब्रिटनच्या औषधनियंत्रकांनी अनियंत्रित तीव्र रक्तदाब असणाऱ्यांना ते देऊ नये असे बजावले. अ‍ॅसिटिलकोलीनरोधक औषधे देताना स्मृतिभ्रंशाच्या संभाव्य धोक्याची रुग्णाशी चर्चा करावी, अशी सूचना अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञ संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत २०२४ मध्ये समाविष्ट झाली. ऑक्सिब्युटिनिनच्या मान्यतेला तेव्हा ४९ वर्षे झाली होती.