बैरुतमधील गुरू आणि शिष्य

अरबी भाषेतील पवित्र शास्त्राचे जे भाषांतर अनेक अरबी ख्रिस्ती मंडळ्यांत आजही वाचले जाते, ते १८६५ साली बैरुत येथे छापून पूर्ण झाले. कॉर्नेलियस व्हॅन डाइक या अमेरिकन मिशनऱ्यांच्या नावाने ते ओळखले जाते. हे नाव अयथार्थ नाही, परंतु अपुरे आहे. आणि ते अपुरे का, याचा विचार धर्मगुरूंना व धर्मशिक्षकांना उपयुक्त ठरेल असे आम्हांस वाटते.

व्हॅन डाइक यांचा जन्म १८१८ साली न्यूयॉर्क राज्यात झाला. वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते १८४० साली बैरुतला आले. त्यांना पाठविणारी संस्था म्हणजे अहमदनगरला मिशनकार्य चालविणारे अमेरिकन बोर्डच होय. म्हणून ही हकीकत आपल्याला सर्वस्वी परकी नाही.

अरबी शिकणाऱ्यापुढे दुहेरी अडचण असते. ग्रंथांची अरबी एक आणि घरात व बाजारात बोलली जाणारी दुसरी. पहिली व्याकरणाच्या अध्ययनाने साधते. दुसरी लोकांत राहिल्यावाचून साधत नाही. व्हॅन डाइक यांनी दोन्ही वाटा धरल्या. बुत्रुस अल्-बुस्तानी हे लेबनॉनच्या मारोनी सेमिनरीत शिकलेले तरुण विद्वान. दोघेही अविवाहित असताना बैरुतमध्ये एकाच घरात राहत. नासिफ अल्-याझिजी हे अरबी काव्याचे व व्याकरणाचे अधिकारी पंडित. त्यांना एकही युरोपीय भाषा येत नसे. त्यांच्यापाशी बसणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला अरबीतच विचारावे लागे आणि अरबीतच समजून घ्यावे लागे.

भाषांतराचे काम प्रथम ईलाय स्मिथ यांच्याकडे होते. बुस्तानी कच्चा मसुदा करीत, याझिजी त्याची भाषा शुद्ध करीत आणि स्मिथ तो मूळ इब्री व ग्रीक संहितांशी ताडून पाहत. १८५७ साली स्मिथ निवर्तले तेव्हा अंतिम स्वरूपाचा भाग थोडाच होता. पुढील भार व्हॅन डाइक यांनी उचलला. नवा करार १८६० साली प्रसिद्ध झाला.

या टप्प्यावर व्हॅन डाइक यांनी साहाय्यक म्हणून निवडले ते शेख युसुफ अल्-असीर यांना. हे सैदा नगरचे, कैरोच्या अल्-अझहर विद्यापीठात शिकलेले मुसलमान विद्वान. ही निवड नाइलाजाने झालेली नव्हती. अमुक वचनाचा अर्थ अमुकच असावा, असा पूर्वग्रह मुसलमान विद्वानाच्या मनात नसणार, हे कारण व्हॅन डाइक यांनी स्वतः नमूद करून ठेवले आहे. ख्रिस्ती वाचक सवयीने अर्थ पुरवून घेतो. शेखांना मात्र कागदावर जे लिहिले असेल तेवढेच दिसणार होते. वाक्य त्यांना कळले नाही तर दोष वाक्याचा.

परक्या संस्कृतीत मिसळणे म्हणजे तेथला वेष करणे व तेथले अन्न जेवणे, असे पुष्कळदा समजले जाते. ते चांगलेच; परंतु त्यात मिशनऱ्याचे आसन हलत नाही. ज्यांना शिकवावयास आपण आलो त्यांच्याकडून आपली वाक्ये खोडून घेणे, हे अधिक कठीण. आमच्या मते व्हॅन डाइक यांचे खरे मिसळणे या ठिकाणी झाले.

तथापि इतिहासाचा न्याय येथे पुरा झालेला नाही. अर्थाचा अखेरचा निर्णय मिशनऱ्यांच्या हाती होता, आणि नावही त्यांचेच राहिले. आपल्याकडे विल्यम केरी यांच्या मराठी कोशाच्या (१८१०) कामी वैजनाथ या हिंदू पंडितांनी साह्य केले. पण आपल्या किती मंडळ्यांत केरींबरोबर त्यांचे नाव घेतले जाते?

आपल्या सीमाभागांत व दूरच्या नगरांत धर्मसेवा करणाऱ्यांना एकाहून अधिक भाषांत बोलावे लागते. बेळगावात कन्नड, बडोद्यात गुजराती, हैदराबादेत तेलुगू व उर्दू. तेथे उपदेश तयार करताना ती भाषा जन्मतः बोलणाऱ्या एखाद्या शेजाऱ्याला, तो अन्य धर्माचा असला तरी, तो वाचून दाखवावा आणि त्याला न कळलेले वाक्य पुन्हा लिहावे. त्याचे साह्य झाल्यास मंडळीसमोर त्याचे नावही घ्यावे, एवढीच आमची विनंती आहे.