आंब्याची कोय आणि रिकामा तांब्या : जादूच्या खेळांची साखळी कोणी गुंफली?

#थ्रेड

जादूच्या प्रयोगाहून घरी आलेल्या माणसाला काय काय पाहिले असे विचारा. तो चार-पाच चमत्कार मोजून दाखवील. कबुतर, रुमाल, कापलेली बाई. त्या चमत्कारांच्या मधल्या जागेत जादूगार काय करीत होता, हे मात्र त्याला सांगता येणार नाही. खरी कारागिरी बहुधा त्या मधल्या जागेतच असते. एका खेळाचा शेवट दुसऱ्याची सुरुवात कशी होते आणि ही गुंफण प्रथम कोणाला साधली, हा आजचा विषय. थ्रेड लांब आहे, सवडीने वाचावा.

पाश्चात्त्य इतिहासग्रंथांत याचे श्रेय सहसा रॉबेर-उदँ या फ्रेंच जादूगाराला मिळते. मूळचा घड्याळजी. ३ जुलै १८४५ रोजी पॅरिसच्या पाले-रॉयाल भागात त्याने स्वतःचे छोटे नाट्यगृह उघडले. त्याचा संत्र्याच्या झाडाचा खेळ पाहा. प्रेक्षकांतील एका बाईचा रुमाल घ्यायचा आणि नाहीसा करायचा. तो अंड्यात गेला, अंडे लिंबात गेले, लिंबू संत्र्यात गेले. मग त्या संत्र्याची भुकटी होई आणि ती एका कुपीत पडे. कुपीतला अर्क झाडाखाली पेटवला की झाडाला फुले येत, पाठोपाठ संत्री. संत्री खरी असत, ती प्रेक्षकांत वाटली जात. शेंड्यावरचे शेवटचे संत्रे मात्र उमलून उघडे आणि दोन यांत्रिक फुलपाखरे तो रुमाल वर उचलून धरीत.

सुट्या पाहिल्या तर या चार-पाच युक्त्या आहेत. रुमालाच्या एका धाग्याने त्यांची एकच गोष्ट झाली. रुमाल कुठे गेला, हा प्रश्न पहिल्या क्षणी पडतो आणि अखेरच्या क्षणी सुटतो. तोवर प्रेक्षकाला श्वास घ्यायला उसंत नाही आणि मागे वळून विचार करायलाही नाही.

लंडनमध्ये मॅस्केलिनने हीच कल्पना आणखी ताणली. १८७३ पासून तीन दशके ‘इजिप्शियन हॉल’ त्याच्या ताब्यात होता. तेथे तो जादूची चक्क नाटुकली करी. कोठडीत डांबलेला तरुण, चेटकीण आणि पहारेकरी अशी पात्रे, आणि प्रत्येक अदृश्य होण्याला कथानकात कारण. पुढे १९११ मध्ये त्याचा मुलगा नेव्हिल आणि डेव्हिड डेव्हंट यांनी ‘अवर मॅजिक’ हा ग्रंथ लिहिला. खेळाला एकात्मता हवी, हा त्यातला आग्रही सिद्धान्त. येथून पुढे ‘रचना’ हा शब्द जादूच्या शास्त्रात रुळला आणि ती युरोपची देणगी ठरली.

येथे प्रस्तुत लेखकाचा मतभेद आहे.

आता आपल्याकडच्या गारुड्याकडे वळू. त्याला रंगमंच नव्हता, टेबल नव्हते, पडदा नव्हता. पुष्कळदा अंगात बाह्यांचा सदराही नसे. जमिनीवर मांडी घालून बसायचे, चहूबाजूंनी माणसे, समोर झोळी आणि डमरू. आंब्याच्या झाडाची त्याची प्रसिद्ध जादू सर्वांनी ऐकलेली असते. मातीत कोय पुरायची, पाणी घालायचे, फडके टाकायचे. फडके काढले की अंकुर, पुन्हा झाकून काढले की हातभर रोप, शेवटी फळ. सतराव्या शतकात तावेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने असा खेळ पाहून त्याचे वर्णन लिहिले आहे. प्रत्येक वेळी चादरीखालून झाड थोडे अधिक वाढलेले निघत असे, ही नोंद त्यातही आहे.

पण हा खेळ सलग केला जात नसे, हेच त्यातले मर्म. एकोणिसाव्या शतकातल्या अनेक वर्णनांत हे स्पष्ट दिसते. कोय पुरून झाली की गारुडी तिच्याकडे पाठ फिरवी आणि वाट्या-गोळ्यांचा खेळ सुरू करी. मग पुन्हा फडके उचलून अंकुर दाखवायचा. मग करंडीचा खेळ : आत पोरगे, बाहेरून तलवारीचे वार, आणि पोरगे सुखरूप. मग पुन्हा झाड.

यात तीन कामे एकाच वेळी साधत. झाडाला वाढायला वेळ लागतो, हे प्रेक्षकाच्या मनाला पटे, कारण मध्ये खराच वेळ गेलेला असे. दुसरे असे की, वाट्यांकडे सर्वांचे डोळे लागले असताना फडक्याच्या त्या गाठोड्याकडे कोणी पाहत नसे. पुढच्या टप्प्याची तयारी त्याच अवधीत होई. आणि तिसरे, जे पोटाशी निगडित आहे : फळ अजून यायचे असल्यामुळे गर्दी हलत नसे. रस्त्यावर तिकीट नसते. शेवटचा चमत्कार झाला की माणसे पांगणार, हे गारुड्याला ठाऊक होते. म्हणून पैशांसाठी कटोरा फिरवायचा तो चमत्काराच्या आधी. ‘बच्चालोग, ताली बजाव’ या आरोळीमागे केवढे गणित आहे ते पाहा! मॅस्केलिनला साखळी तुटल्यास टीका सहन करावी लागली असती. गारुड्याची साखळी तुटली, तर त्या रात्री चूल पेटत नसे.

मग श्रेय का मिळाले नाही? माझ्या मते दोष लेखणीचा आहे. प्रवासी जे लिहीत, ते यादीच्या रूपात. जहांगीर बादशहाच्या आठवणींची म्हणून १८२९ साली इंग्रजीत आलेली एक आवृत्ती आहे. (अभ्यासक तिला अस्सल मानत नाहीत, पण ती वाचली फार गेली.) तीत बंगालच्या जादूगारांचे अठ्ठावीस खेळ एकामागून एक सांगितले आहेत. बियांतून झाडे उगवण्याचा खेळ त्यात पहिलाच. प्रत्येक खेळाला स्वतंत्र परिच्छेद, आणि दोन परिच्छेदांच्या मध्ये कोरी जागा. गारुड्याची विद्या नेमकी त्या कोऱ्या जागेत सांडून गेली. पुढे व्हिक्टोरियन पुस्तकांनी आंब्याचे गुपित फोडले, तेही एकट्या आंब्याचे. ‘एवढेच होते तर’ असे म्हणणे मग सोपे झाले.

हा धागा पुढे नेला तो प्रतुलचंद्र सरकार यांनी. जन्म १९१३. पी. सी. सरकार या नावाने जगभर गाजले. त्यांच्या ‘इंद्रजाल’ या भव्य प्रयोगात एक साधा तांब्या असे. एखादा मोठा खेळ संपला की सरकार तांब्यापाशी जात, त्यातले पाणी पूर्ण ओतून रिकामा करीत आणि ‘वॉटर ऑफ इंडिया’ एवढेच म्हणत. पुढचा खेळ होई. पुन्हा तांब्या, पुन्हा पाणी. पहिल्यांदा प्रेक्षकांना त्याचे फारसे काही वाटत नसे. तिसऱ्या-चौथ्या वेळी मात्र सरकार त्या दिशेने वळले की हशा पिके. हत्ती-घोड्यांच्या त्या पसाऱ्याला बांधून ठेवणारी दोरी म्हणजे हा तांब्या. रचना आंब्याच्या कोयीचीच : एक खेळ अर्धा सोडायचा, बाकीचे त्यात ओवायचे.

आणि साखळी तुटली की काय होते, तेही सरकारांनीच दाखवले. ९ एप्रिल १९५६. लंडन, बीबीसीचा ‘पॅनोरमा’ हा कार्यक्रम, तोही थेट प्रक्षेपण. सहायिका दीप्ती डे टेबलावर निजलेली, वर विजेवर फिरणारी करवत. करवत आरपार गेली. सरकारांनी तिचा हात चोळला, हाक मारली, प्रतिसाद नाही. त्यांनी मान हलवली आणि तिच्या तोंडावर काळे कापड ओढले. तेवढ्यात सूत्रसंचालक रिचर्ड डिम्बलबी कॅमेऱ्यासमोर आले आणि कार्यक्रम संपल्याचे सांगून मोकळे झाले.

कापण्याच्या खेळाचा उत्तरार्ध म्हणजे जोडणे. तोच प्रेक्षकांना दिसला नाही. आपल्या डोळ्यांदेखत एका मुलीचा जीव गेला, असे समजून लोकांनी बीबीसीला इतके दूरध्वनी केले की सगळ्या तारा अडून गेल्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत तीच बातमी, आणि ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरमधल्या सरकारांच्या प्रयोगांना तुडुंब गर्दी.

वेळ संपली म्हणून असे झाले, हा अधिकृत खुलासा. आयुष्यभर घड्याळाच्या काट्यावर प्रयोग करणाऱ्या माणसाची वेळ नेमकी त्याच दिवशी, नेमक्या त्याच क्षणी चुकावी, यावर अनेक जादूगारांचा विश्वास बसलेला नाही. माझाही नाही. गर्दी बांधून ठेवायची असेल तर फळ दाखवण्याआधी फडके पुन्हा टाकायचे असते, हे ते जाणत होते. दीप्ती डे अर्थातच ठणठणीत होत्या. पण ते पाहायचे असेल, तर तिकीट काढून थिएटरात यावे लागणार होते.