वाणीमागोमाग दृष्टी

३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभे राहून मार्टिन कूपर यांनी किलोभराहून जड अशा हातातील भ्रमणध्वनीवरून पहिले संभाषण केले. वाणी तारेच्या बंधनातून सुटली. दृष्टी मात्र जखडलेलीच राहिली. तिच्या मुक्ततेस आणखी २४ वर्षे लागली. ११ जून १९९७ रोजी कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ येथे पत्नी प्रसूत होत असताना फिलिप कान यांनी प्रसूतिगृहातच भ्रमणध्वनी, अंकीय कॅमेरा व लहानसा संगणक यांची सांगड घातली. नवजात कन्येचे छायाचित्र टिपले गेले आणि संगणकांच्या जाळ्यातून २,०००हून अधिक आप्तेष्ट व परिचितांपर्यंत पोहोचले. आज घरोघरी खिशात वावरणाऱ्या या साधनाच्या मुळाशी आहे ती एका पित्याची उत्सुकता. ‘बाळ कसे आहे?’ असे कोणी विचारण्यापूर्वीच बाळाचे दर्शन घडले होते!