चाळीस दिवसांची उधारी

मंडळाच्या स्मरणिकेसाठी शहरातील बायकांच्या कामाविषयी काहीतरी जुने लिहून द्या, असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. इतिहास लिहावा तो शिकल्यासवरल्यांनी. परंतु घरी आल्यावर फडताळातली आत्याची खाणावळीची वही काढली आणि चार पाने चाळली. मग लिहावयास बसले.

मुंबईत पहिल्या सूतगिरणीची कंपनी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली व ताडदेवची ती गिरणी १८५६ साली सुरू झाली. पुढे परळ, लालबाग, डिलाईल रोड हा सारा मुलूखच गिरण्यांचा झाला. कोकणातून व घाटावरून पुरुष एकटे यायचे. बायकामुले गावी, जमिनीपाशी राहायची. एका खोलीत दहा-पंधरा गाववाले पाळीपाळीने निजत. गिरणीत बायकांनाही वाइंडिंग-रिळिंग खात्यांत काम असे, पण तिथल्या जागा पुढे कमी कमीच होत गेल्या. मग जिच्यापाशी एक खोली व एक चूल, ती या एकट्या पुरुषांना जेवू घालू लागली.

माझी आत्या त्यांतलीच. १९२० नंतरच्या दशकात सरकारच्या विकास खात्याने बांधलेल्या बी. डी. डी. चाळीत तिची खोली. सुमारे १६० चौरस फुटांची. त्यात आत्या, तिचे यजमान, तीन मुले, शाळेसाठी गावाहून आलेली मी आणि जेवायला वीस गडी. कोकणातले तिला ‘वयनी’ म्हणत, साताऱ्याकडचे ‘अक्का’. पहाटे चारला नळाखाली हंडा लावायचा आणि पहिल्या पाळीच्या मंडळींना भाकरी द्यायची. मग दुसऱ्या पाळीची मंडळी, आणि रात्रपाळीवाला तर जेवून तिथेच भिंतीला टेकून डुलक्या घेई. मी भाकरी थापायला कच्ची, म्हणून माझ्याकडे वही आली.

वही लिहिताना जे कळले ते शाळेत कोणी शिकवले नव्हते. १९३६ च्या पगाराच्या कायद्याप्रमाणे हजार किंवा त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्याने महिना संपल्यावर दहा दिवसांच्या आत पगार करायचा. म्हणजे एक तारखेपासून जेवणारा गडी पैसे देणार पुढच्या महिन्याच्या दहाव्या दिवशी. वीस गडी, दोन वेळा, चाळीस दिवस : पहिला रुपया हाती येण्याआधी सोळाशे ताटे वाढून झालेली असत! तांदूळ, तूरडाळ, रॉकेल, लालबागच्या मिरच्या, बुधवार-रविवारचे मासे, हे सारे कुठून यायचे? वाणी उधार देई, पण भाव चढा लावी. उरलेले सावकाराकडून, रुपयाला महिना दहा पैसे व्याजाने. गिरणी महिनाभर काम घेऊन मग पगार देई, आणि त्या महिन्याचे पोट आत्याच्या बांगड्यांवर चाले. मालकाच्या भांडवलात हा आकडा कुठे मांडला जात असेल, असे मला वाटत नाही.

आत्या अक्षरशत्रू होती, पण हिशोबाला पक्की. नवा गडी गाववाल्याच्या जामिनाशिवाय घ्यायचा नाही. पगाराच्या दिवशी संध्याकाळी दारातच बसायचे, कारण गुत्ता वाटेत लागतो. वाण्याचे माप आपल्या शेराने पुन्हा घालून पाहायचे. आणि आमटी पातळ करायची वेळ आली तर तसे सांगून करायची, चोरून नव्हे. हे शेवटचे मी आजही माझ्या घरी पाळते.

मग १९७३-७४ चा बेचाळीस दिवसांचा संप आला. पगार बंद, पण भूक काही संपावर जात नाही. यजमान म्हणाले, “खाणावळ बंद कर.” आत्या म्हणाली, “आज हाकलले तर उद्या कोणत्या तोंडाने बोलावू?” पितळेची पातेली एकेक करून बाहेर गेली. शेवटी शेवटी भात आणि पाणीदार कुळथाचे पिठले एवढेच. संप मिटल्यावर बहुतेकांनी थोडेथोडे करून फेडले. तिघे गावी गेले ते परत आलेच नाहीत. त्यांची पाने वहीत तशीच उघडी आहेत. ते मोठे लबाड होते असे मला आज वाटत नाही. त्या वेळी मात्र मी त्यांना मनसोक्त शिव्या दिल्या.

याच संपात खाणावळवाल्या बायांची ही अवस्था कामगार चळवळीतल्या प्रेमाताई पुरव यांनी पाहिली आणि १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले. १९६९ साली मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. त्या बँकांनी गरिबाला कर्ज द्यावे, असे सरकारचेही म्हणणे होते. पण तारण काय? बायांनी गट करून एकमेकींचा जामीन घेतला. आत्याचा नंबर पुढे लागला. बँकेच्या कागदावर अंगठा देण्याची तिला लाज वाटली, म्हणून आठ दिवस ती माझ्या पाटीवर नाव गिरवत होती. सही वेडीवाकडी आली, पण आली. त्या पैशाने सावकाराचे खाते मिटवले. बँकेचा हप्ता त्याच्या व्याजाहून कमी होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी पुन्हा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगारांचा. या वेळी आत्याने काही गहाण टाकले नाही, कारण जेवायलाच कोणी उरले नव्हते. मंडळी गावी निघून गेली. विसाचे चार झाले. आत्याने मग कचेरीतल्या लोकांसाठी पोळीभाजीचे डबे सुरू केले, आणि त्यांचे पैसे मात्र ती महिन्याच्या एक तारखेला, आगाऊ घेत असे.