साताऱ्याचे शास्त्री आणि विचार करणारे यंत्र

संगणकासाठी सर्वांत योग्य भाषा संस्कृतच, असे अमेरिकेतल्या नासाने मान्य केले आहे, ही गोष्ट न ऐकलेला मराठी माणूस आता शोधूनच काढावा लागेल. लग्नाच्या पंगतीत ती ऐकू येते आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुणे ती हटकून सांगतात. मी खेड्यातला शाळामास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा. तेव्हा नासाशी वाद घालण्याचा मला अधिकार नाही. पण या गोष्टीचा माग काढू लागलो आणि तो आमच्या साताऱ्यात येऊन पोचला, म्हणून हा लेखनप्रपंच.

मूळ हकीगत अशी. 1985 साली रिक ब्रिग्ज नावाच्या संशोधकाने ‘एआय मॅगझीन’ या अमेरिकन नियतकालिकात एक लेख लिहिला. तो नासाच्या एम्स संशोधन केंद्रात काम करी, एवढाच काय तो नासाचा संबंध. वाक्याचा अर्थ यंत्राला कसा समजावून द्यावा, हा त्या वेळच्या शास्त्रज्ञांपुढचा पेच होता. ब्रिग्जचे म्हणणे असे की, वाक्य उकलून मांडण्याची जी रीत आपण आज घडवीत आहोत, तशीच रीत संस्कृत वैयाकरणांनी पूर्वीच सिद्ध करून ठेवली आहे. यंत्रे संस्कृतात चालवावीत, असा ठराव नासाने केलेला नाही.

ब्रिग्जने ज्यांचा आधार घेतला त्यांत प्रमुख नागेशभट्ट. हे नागेशभट्ट म्हणजे आपले नागोजीभट्ट काळे. सतराव्या शतकाची अखेर आणि अठराव्याचा पूर्वार्ध हा त्यांचा काळ, राहणे काशीस. त्यांच्या शिष्यपरंपरेची एक शाखा पुण्यास नीळकंठशास्त्री थत्ते यांच्याकडे आली, आणि थत्त्यांचे शिष्य भास्करशास्त्री अभ्यंकर यांनी ती साताऱ्यात रुजविली. भास्करशास्त्र्यांचे शिष्य रामशास्त्री गोडबोले. आणि रामशास्त्र्यांपाशी शिकले ते भास्करशास्त्र्यांचे नातू वासुदेवशास्त्री. आजोबांची विद्या नातवाला आजोबांच्या शिष्याकडून मिळाली! हेच वासुदेवशास्त्री पुढे पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात गेले, पतंजलीचे अवघे महाभाष्य त्यांनी मराठीत आणले, आणि भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’ 1928 साली सुधारून पुन्हा छापविला. त्या कोशाकडे आपल्याला पुढे यावयाचे आहे.

आता ही उकलण्याची रीत काय, ती दिवाळीच्याच वाक्यावर पाहू. ‘आजी माजघरात डब्यातून हाताने नातवाला लाडू देते.’ वैयाकरण म्हणतील, मधोमध देण्याची क्रिया ठेवा. तिच्याभोवती सहा नाती बसवा: आजी कर्ता, लाडू कर्म, हात करण, नातू संप्रदान, डबा अपादान आणि माजघर अधिकरण. वाक्यातले शब्द कसेही उलटेपालटे करा, ही नाती हलत नाहीत. यंत्राला हेच हवे होते. शब्दांचा क्रम नको, नात्यांचे जाळे हवे. नैयायिक मात्र क्रियेला मधोमध बसवू देत नाहीत, त्यांना तेथे आजी हवी. या एका मुद्द्यावर वैयाकरण आणि नैयायिक शतकानुशतके भांडले. (नातवाचे लक्ष अर्थात लाडवाकडे.)

परंतु वाक्य कळणे वेगळे आणि कळलेल्या वाक्यांतून नवे वाक्य काढणे वेगळे. हे दुसरे काम तर्काचे. त्याचे आधुनिक गणित जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाने 1847 आणि 1854 सालच्या आपल्या दोन ग्रंथांत मांडले. पुढच्या पंडितांनी त्यातून जे विधान-तर्कशास्त्र घडविले, त्याचा व्यवहार मोठा काटकसरीचा आहे. विधान खरे किंवा खोटे, तिसरे काही नाही. ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ आणि ‘जर-तर’ एवढ्या खुंट्यांवर विधाने टांगायची. त्यांत काय लिहिले आहे हे बघायचेच नाही. केवळ आकार बघायचा. 1937 साली क्लॉड शॅनन या विद्यार्थ्याने दाखवून दिले की विजेच्या बटणांनाही हेच नियम लागू पडतात. मग काय, तारांतून तर्क वाहू लागला.

सांगलीकरांना यातली खोच सांगण्याची गरज नाही. कोयनेच्या धरणातून पाणी सोडले तर ते कऱ्हाडला कृष्णेत उतरते आणि सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी चढते. समजा, पाणी सोडल्याची बातमी आली. मग पाणी चढणार, हा तर्क बिनचूक. पण उलट चाल करून पहा. आयर्विनपाशी पाणी चढले आहे, म्हणून कोयनेतून सोडलेच असले पाहिजे, हे मात्र ठरत नाही. खुद्द सांगलीच्या वर पाऊस कोसळला असेल. पलीकडे हरिपूरला वारणा फुगून कृष्णेला तुंबवीत असेल. 2019 च्या महापुरात कट्ट्याकट्ट्यावर कारणांची जी खडाजंगी चालली होती, तिच्यात हा उलटा तर्क मी पुष्कळदा ऐकला. बूलच्या गणिताने तो एका ओळीत खोडता येतो. पाणी खरोखर कोठून आले, हे मात्र ते गणित सांगत नाही. त्यासाठी नदीकडेच जावे लागते.

1956 साली अमेरिकेत नेवेल, सायमन आणि शॉ या तिघांनी यंत्राकडून पहिल्यांदा असा तर्क करवून घेतला. रसेल व व्हाइटहेड यांच्या सुप्रसिद्ध ग्रंथातील दुसऱ्या प्रकरणाच्या पहिल्या 52 सिद्धांतांपैकी 38 त्या यंत्राने सिद्ध केले. त्याच वर्षी डार्टमथ येथे परिषद भरली आणि कृत्रिम बुद्धिमत्ता हे नाव रूढ झाले. सगळे विधान-तर्कशास्त्राचे वैभव! पण त्या यंत्राला नदीही ठाऊक नव्हती आणि लाडूही.

येथे आमचे नैयायिक पुढे येतात. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे, हे त्यांचे सर्वतोमुखी उदाहरण. नुसत्या आकारावर ते समाधान मानीत नाहीत. ‘जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात’ असा दृष्टान्त दिल्यावाचून त्यांचे अनुमान पुरे होत नाही. आणि ‘जेथे-तेथे’ हा नियम तुम्हांला कळला कसा, असे ते विचारतात. पुष्कळदा पाहिले म्हणून? या पुष्कळदा पाहण्याला ते भूयोदर्शन म्हणतात, पण तेवढ्यावर सोडत नाहीत. उलट नियम घ्या: जेथे अग्नी तेथे धूर. आमच्या कृष्णाकाठी गुऱ्हाळाच्या चुलवणाशी शंभर वेळा बसलेला माणूस तो शपथेवर सांगेल. पण चिपाड कडकडीत वाळलेले असेल तर जाळ भडकतो आणि धूर नावाला. ओले पडले की डोळे चुरचुरतात. म्हणजे धुराचे कारण नुसता अग्नी नव्हे, ओले सरपण. ही जी मध्ये दडून बसलेली अट, तिला न्यायशास्त्रात ‘उपाधी’ म्हणतात. नियम पक्का करण्यापूर्वी उपाधी शोधा, हा त्यांचा दंडक. वासुदेवशास्त्र्यांनी सुधारलेला तो न्यायकोश अशाच शब्दांच्या काटेकोर व्याख्यांचे भांडार आहे.

आजचे बोलके यंत्र 1956 च्या यंत्राहून निराळे. ते आकारावर चालत नाही, भूयोदर्शनावर चालते. अफाट मजकूर वाचून कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येतो हे ते शिकते. अशा शिकण्यात उपाधी कशी डसते, याचे उदाहरण 1990 च्या दशकातल्या अमेरिकेत घडले. न्यूमोनियाच्या रोग्यांची माहिती शिकविताना यंत्राने असा नियम काढला की, ज्याला दम्याची व्यथा आहे त्याला न्यूमोनियाचा धोका कमी. माहितीत खरोखर तसेच दिसत होते! कारण दमेकऱ्याला न्यूमोनिया झाला की डॉक्टर त्याला तातडीने अतिदक्षता विभागात घालीत, आणि म्हणून तो वाचे. ती शुश्रूषा म्हणजे तेथले ओले सरपण. यंत्राच्या भरवशावर दमेकऱ्याला घरी पाठविले असते तर? डॉक्टरांना संशय आला, म्हणून निभावले.

हे वाचून कोणी म्हणेल, पहा, आमच्या शास्त्र्यांना सगळे ठाऊक होते. तसे नाही. बूलचे विधान ही वस्तूच नैयायिकांच्या घरात नाही. 1983 साली पुण्यात एक अपूर्व मेळावा भरला. रसेलची विधानाची कल्पना संस्कृतात मांडून पारंपरिक पंडितांपुढे ठेवण्यात आली. पुढाकार घेणाऱ्यांत प्रा. मे. पुं. रेगे होते, जे पुढे वाईच्या मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाले. कोणाच्याही मनात नसलेले, नुसते स्वतःच्या पायांवर उभे असलेले विधान ही कल्पना न्यायमताच्या पचनी पडणारी नव्हती. त्या मताप्रमाणे ज्ञान असते ते कोणाचे तरी, आणि ते त्याला कशावरून झाले हे सांगावे लागते. मला तर हा मतभेद सगळ्या नासापुराणाहून मोलाचा वाटतो. पंगतीत मात्र तो कोणी सांगत नाही.

वाईचे नाव निघाले म्हणून एकच गोष्ट सांगतो. तेथल्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी शिकलेले लक्ष्मणशास्त्री जोशी 1923 साली कलकत्त्याची परीक्षा देऊन तर्कतीर्थ झाले. नुसत्या पदवीवर थांबते तर आपण त्यांचे नाव घेतले नसते. त्या काळी जातिभेदाच्या बाजूने सांगितला जाणारा सर्वांत भक्कम हेतू कोणता? आजवर असेच चालत आले आहे, हा. निव्वळ भूयोदर्शन! 1932 साली गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असता अस्पृश्यतेच्या प्रश्नावर जी शास्त्रचर्चा झाली, तीत शास्त्रीबुवा सुधारणेच्या बाजूने उभे राहिले. पुढच्याच वर्षी पुण्यात गांधीजींचे चिरंजीव देवदास आणि राजाजींची कन्या लक्ष्मी यांचा विवाह झाला. वर वैश्य, वधू ब्राह्मण. रूढीच्या दृष्टीने उफराटा संबंध. त्या लग्नाचे पौरोहित्य वाईच्या या तर्कतीर्थांनी केले.