मांतोंचे ऊन

फ्रान्स व इटली यांच्या सीमेलगत, भूमध्य समुद्राच्या काठी वसलेले मांतों आज उन्हाळी सहलींसाठी प्रसिद्ध आहे. त्याचा लौकिक मात्र प्रथम पसरला तो हिवाळ्यातील उन्हामुळे, आणि तोही क्षयरोग्यांत. १८५९ साली जेम्स हेन्री बेनेट हा इंग्रज डॉक्टर येथे आला, तो क्षयाने खंगून, जगण्याची आशा सोडूनच. उत्तरेचे गार वारे डोंगरांनी अडविलेले, समोर समुद्र, उतारावर लिंबांच्या बागा. तो बरा झाला! श्रेय उन्हाचे, विश्रांतीचे की दैवाचे, हे कोणी सांगावे? त्याने ते उन्हाला दिले आणि १८६१ साली तसा ग्रंथ लिहिला. मग रोग्यांची रीघ लागली. १८६९ मध्ये आगगाडीही आली.

१८८२ साली कॉखने क्षयाचे जंतू दाखविले. हवा बदलल्याने ते मरत नाहीत आणि खोकणारा पाहुणा शेजाऱ्यालाही धोक्याचा, हे हळूहळू उमगू लागले. तरी रोगी येतच राहिले. त्यांना दुसरे औषध तरी कोठे होते? चित्रकार ऑब्री बिअर्ड्स्ली येथेच १८९८ च्या मार्चमध्ये, अवघ्या पंचविसाव्या वर्षी वारला. गावावरच्या टेकडीवर परदेशीयांच्या थडग्यांच्या रांगा आहेत. तेथून समुद्र फार सुंदर दिसतो.