मामा आणि व्हिएतनाम

आमचे मामा फौजेतून निवृत्त होऊन गावी आले आणि त्यांची दारू वाढतच गेली. "मनावर घेतलं तर सुटेल," असं घरात सगळे म्हणायचे. मीही म्हणायचो.

पुढे व्हिएतनाम युद्धाबद्दल वाचताना एक हकीकत सापडली. १९७१ साली तिथल्या अमेरिकन सैनिकांत हेरॉइन इतकं पसरलं होतं की निक्सन सरकार हादरलं. मायदेशी निघण्याआधी प्रत्येकाची लघवी तपासायचा हुकूम निघाला. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी त्या सप्टेंबरात परतलेल्या सैनिकांना पुढच्या वर्षी गाठून मुलाखती घेतल्या. तिथे साधारण पाचातला एक जण व्यसनात अडकला होता. पण परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यापैकी पुन्हा अडकले ते शंभरात पाचच! हेरॉइन तिथे स्वस्त होतं, हाताशी होतं. घरी परतल्यावर ते सगळं मागे राहिलं.

मामांचं नेमकं उलटं झालं. पलटणीत दिवस बांधलेला असायचा. रिकामपण भेटलं ते घरी आल्यावर. व्यसनमुक्ती केंद्रातून ते दोनदा आले, आणि दोन्ही वेळा त्याच पारावर, त्याच मित्रांत जाऊन बसले. तिसऱ्यांदा मामीने हट्टाने त्यांना मुलीकडे नेलं. तिथे सकाळी नातवाला शाळेत सोडायचं काम अंगावर पडलं. आता नऊ वर्षं झाली.

जागा बदलली की सगळ्यांचं सुटतंच असं नाही. पण आपण नुसतं "मनावर घ्या" म्हणत बसलो होतो, याची मला आता लाज वाटते.